घोडे किती ते छापलंत, वजन कुठाय?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत एका तरुणानं घरामागच्या शेडमध्ये बनवलेल्या दोन सीटच्या गाडीची बातमी आली होती. फोटो झकास, पोराचं मनापासून कौतुक, पण हेडिंग वाचून हातातला चहा तसाच राहिला. 'घरच्या घरी बनवली २०० हॉर्सपॉवरची कार'. बातमी दोनदा वाचली, रंग कुठला मारला ते आहे, खर्च किती आला ते आहे, आईवडिलांना काय वाटलं तेही आहे, गाडीचं वजन मात्र कुठंच नाही, टायर कुठले ते नाही, ब्रेकचं तर नावच नाही. आणि त्या एका हेडिंगनं आमच्या घरात जी आग लावलीय ती विझवायला मला हे पत्र लिहायला लागतंय.

झालंय काय, कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक शेपर, वेल्डिंगचा सेट, पंपाचे पार्ट करून देतो, आणि गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी मी आणि माझा पुतण्या मिळून एक हलकी उघडी गाडी जोडतोय. बाहेरच्या देशात हिला किट कार म्हणतात, म्हणजे कंपनीकडनं सुटे भाग आणायचे आणि घरी बसून जोडायचे. आपल्याकडं किट कुठलं आलंय, आमचं किट म्हणजे मिरजेतली भंगाराची दुकानं. एक इंची चौकोनी पाईप, सोळा गेजचा, त्याची फ्रेम. मागचं हौसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला लोखंडी आस, ओम्नीचं, कारण ओम्नीचं इंजिन पुढं सीटखाली आणि फिरतात मागची चाकं, असली सोय स्वस्तातल्या दुसऱ्या गाडीत मिळत नाही. आधी इंजिनही ओम्नीचंच होतं, ७९६ सीसी, ३७ च्या आसपास घोडे. नंतर एक मोडीत निघालेली जिप्सी सापडली, तिचं १३०० चं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन बसवलं, ते ८० देतं. आम्ही दोघं खूश होतो. आता पुतण्या आपला पेपर हातात घेऊन फिरतोय, "काका, ऐंशीनं काय हुतंय, त्यानं दोनशे बसवलेत, आपण टर्बो लावूया." टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा.

त्याला जे कागदावर मांडून दाखवलं तेच इथं लिहितो, आपल्या वाचकांत अशी पोरं भरपूर आहेत.

हॉर्सपॉवर म्हणजे ७५ किलोचं पोतं एका सेकंदात एक मीटर वर उचलायची ताकद. एवढंच. (जेम्स वॉटचा इंग्लिश घोडा ७४६ वॉटचा आणि हा मेट्रिक ७३५ चा, पण तेवढ्यानं आपलं काय अडत नाही.) इंजिन कितीही घोडे देऊ दे, ते रस्त्यावर उतरणार मागच्या दोन टायरच्या तळातनंच, आणि हलक्या गाडीच्या एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण मोबाईलएवढा असतो. दोन टायर, दोन मोबाईल. सगळे घोडे त्या दोन मोबाईलवर उभे. त्यातनं जेवढा ढकला रस्त्याला बसतो तेवढी गाडी पुढं जाते, बाकीचा धूर आणि वास.

आता आमच्या गाडीचं वजन. ते अंदाजानं सांगत नाही, पिकअपमध्ये मागचं फाळकं उघडं ठेवून गाडी वजनकाट्यावर नेली होती, आधी गाडीसकट पिकअप आणि नंतर रिकामी पिकअप, असं दोनदा काटा केला. ऊसाच्या ट्रॉल्या मोजणारा काटा तो, पाचपाच किलोच्या खाली त्याला कळतच नाही. काटेवाल्यानं खिडकीतनं मान बाहेर काढून बघितलं आणि विचारलं, "मालक, माल काय लिहू?" मी म्हटलं गाडी आहे. तो म्हणाला, "गाडी तर खालची हाय, वरचं काय?" शेवटी त्यानं त्याच्या मनानं काय लिहायचं ते लिहिलं. वजन आलं ६१०. त्याच्यावर मी ८० किलोचा आणि पेट्रोल मिळवून ७०० म्हणूया.

गाडी जोरात उठली की वजन मागं झुकतं, त्यामुळं ७०० पैकी साधारण ४३० किलो मागच्या चाकांवर येतं. कोरड्या डांबरावर बऱ्यापैकी टायरची पकड त्याच्यावरच्या वजनाच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के धरतात. म्हणजे ३६५ किलोचा ढकला. त्याच्यावर एक किलो जरी जास्त दिला तर टायर जागेवर फिरणार. आता ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. ३६५ गुणिले १६.७ भागिले ७५, आले ८१ घोडे. हे चाकाशी. गिअरबॉक्स आणि हौसिंगमध्ये पंधराएक टक्के जातात ते मिळवले की इंजिनाशी ९५. म्हणजे साठच्या स्पीडला, कोरड्या रस्त्यावर, नव्या टायरवर, सरळ जाताना ९५ घोड्यांच्या वर एकही घोडा कामाचा नाही. चाळीसच्या स्पीडला हाच आकडा ६५ च्या आत येतो. आणि आमच्या सांगलीत विश्रामबागपासून बसस्टँडपर्यंत चाळीस लागलं तर त्या दिवशी गुढी उभारायची.

मग २०० घोडे कधी कामाला लागणार? तेच गणित उलटं फिरवा, ताशी १२५ च्या वर गेल्यावर. त्याच्या खाली पूर्ण पाय दिला की चाकं फिरायला लागतात. चौपदरी हायवेवर कारला केंद्राची मर्यादा १०० आहे, २०१८ सालापासून. म्हणजे ज्या स्पीडला ते दोनशे घोडे पहिल्यांदा एकत्र जुंपले जातील तिथं पोचायच्या आधीच पावती फाटलेली असणार.

पुतण्याला हे पटलं नाही. पटणार कसं, वय बावीस. "पाय आपलाच हाय न्हवं काका, हळू द्यायचा." बरं, हळूच द्यायचाय तर दोनशे कशाला? पण त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही हेही कबूल करतो. साध्या इंजिनाची ताकद आरपीएमबरोबर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, चढत जाते, पायाला अंदाज येतो, तिथं थोडे जास्तीचे घोडे माणूस सांभाळून नेऊ शकतो. टर्बोचं तसं नाही. घरगुती बसवलेला मोठा टर्बो आधी झोपलेला असतो आणि मग एकदम जागा होतो, आणि नेमका वळणाच्या मध्यावर जागा झाला की संपलं. कारखान्यातनं आलेल्या गाडीला एबीएस असतं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, २०१९ पासून नव्या कारला सक्तीचंच केलंय, बऱ्याच गाड्यांत चाक फिरायला लागलं की इंजिनाला आवरणारी यंत्रणाही असते. आमच्या गाडीत आवरणारा एकच, माझा उजवा पाय, आणि त्याचा गुडघा दुखतो.

हे मी शहाणपणानं नाही, अनुभवानं सांगतोय. गाडी आम्ही रस्त्यावर काढत नाही, का ते पुढं लिहितो. तासगावकडं माझ्या मेव्हण्याची द्राक्षबाग आहे, बेदाण्याच्या शेडपर्यंत त्यानं स्वतःच्या रानातनं अडीच-तीनशे मीटरचा डांबरी रस्ता केलाय, तिथं चालवतो. मागच्या मे महिन्यात नेलेली. दुपारी वळवाचा पाऊस पडून गेला, दहा मिनिटांचा, आणि ज्यांना माहिती आहे त्यांना माहिती आहे की वर्षातला सगळ्यात निसरडा रस्ता हाच, उन्हाळाभर साठलेली धूळ, ट्रॅक्टरचं गळलेलं ऑईल आणि वरनं फक्त चार थेंब. मुसळधार परवडला, तो धुऊन तरी नेतो. मी म्हटलं थोडं वाळू दे. पुतण्या म्हणाला एक राऊंड मारू. आणि चालवायला कोण बसलं, तर मी. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

पहिला गिअर जपून काढला. दुसऱ्यात टाकला, पस्तीस-चाळीस असेल स्पीड, समोर रस्ता सरळ, आणि जरा पाय दिला. जरा म्हणजे खरंच जरा. इंजिनाचा आवाज एकदम वर चढला पण गाडीचा स्पीड काय वाढला नाही, एवढंच कळलं, आणि पुढच्या क्षणाला उजव्या हाताला असलेली शेड माझ्या समोर आली आणि मग डाव्या हाताला गेली. स्टीअरिंग फिरवायला वेळच मिळाला नाही, हात होते तिथंच होते. गाडी मागनं जाऊन रिकाम्या क्रेटच्या थप्पीवर बसली, वरनं चार क्रेट माझ्या डोक्यावर. हेल्मेट होतं म्हणून हसत लिहितोय. मेव्हणा शेडमधनं आला, आधी क्रेट मोजले, फुटले किती ते बघितलं आणि मग विचारलं, "दाजी, लागलं का?"

रात्री घरी येऊन परत गणित घातलं. तसल्या ओल्या रस्त्यावर पकड निम्म्यावर येते, पंचेचाळीस टक्के धरा. गाडी कमी जोरात उठते म्हणून मागं वजनही कमी झुकतं, ३९५ किलो धरा. ढकला आला १७८ किलो. साठच्या स्पीडला ४० घोडे चाकाशी, इंजिनाशी ४७. मी चाळीसच्याही खाली होतो, म्हणजे तिथं तीसच. ओम्नीचं इंजिन काढून ठेवलेलं शेडच्या कोपऱ्यात पडलंय, ३७ वालं, ज्याला आम्ही दोघं नावं ठेवत होतो. त्या दुपारी तेसुद्धा जरा जास्तच झालं असतं.

आता सातारकरांनी कल्पना करा. यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं, दिवस सप्टेंबरचे, धुकं आणि भुरभुर पाऊस, वळणावर शेवाळ. तिथं दोनशे घोड्यांची सहा-सातशे किलोची गाडी घेऊन जाणाऱ्यानं त्यातले दीडशे घोडे घरी बांधून जावं. चढायला ताकद लागते म्हणाल तर वीस मीटरला एक मीटर चढ असला तरी ७०० किलोच्या गाडीला साठच्या स्पीडला त्या चढापोटी आठच घोडे जादा लागतात, गणित करून बघा. सपाटीला ऐंशीच्या एकसारख्या स्पीडला दहा-बारा पुरतात, आणि तेही उघडी गाडी वाऱ्याला छातीवर घेते म्हणून एवढे. बाकी सगळे घोडे फक्त वेग वाढवायला, म्हणजे पिकअपला. आणि पिकअप द्यायचं काम टायर करतो, इंजिन नाही, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे वाद मिटतात.

वरचं सगळं गणित रस्ता आरशासारखा धरून केलंय, आणि आपले रस्ते आपल्याला ठाऊक आहेत. पेठ नाका ते सांगली रस्त्यावर ज्यांची हयात गेली त्यांना वेगळं सांगायला नको. हलक्या गाडीचा एक प्रॉब्लेम असा की गाडी हलकी असली तरी मागचं हौसिंग काही हलकं होत नाही, ते ओम्नीचं आहे तेवढंच लोखंड. जड गाडीत स्प्रिंगच्या वरचं वजन हौसिंगला रस्त्यावर दाबून धरतं, हलक्या गाडीत तेवढं वजनच नाही, मग पॅचवर्कच्या रस्त्यावर चाक नुसतं टणाटण उडतं, आणि हवेत असलेल्या चाकाला घोडे किती हे विचारण्यात अर्थ नाही. आम्ही सहा महिने फक्त स्प्रिंग आणि शॉकअबसॉर्बर बदलण्यात घालवले, तेव्हा कुठं ते ऐंशी रस्त्याला लागायला लागले. त्या सहा महिन्यांचा फोटो काढायला कुठल्या पेपरचा माणूस आला नसता हेही खरं.

स्पीडब्रेकरचं काय बोलायचं. इंडियन रोड काँग्रेसच्या मापानं तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्याकडं गावागावात तो उंची दीडपट आणि रुंदी चौकटीच्या उंबऱ्याएवढी. आमच्या गाडीचं पोट जमिनीपासून १२ सेंटीमीटर. आणि ऊसाच्या सीझनला अंधारात विनारिफ्लेक्टर दोन ट्रॉल्या ओढत जाणारा ट्रॅक्टर, त्याच्या मागं पडलेला चिखल आणि वाढं. तिथं लागतो ब्रेक. पन्नासवरनं शंभरवर गेलात की थांबवायचं काम दुप्पट नाही, चौपट होतं.

पुतण्याला सगळ्यात जास्त कोब्रा गाडी आवडते, अमेरिकेची. कॅरोल शेल्बीनं १९६२ ला इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन घातलं, नंतर तर सात लिटरचं घातलं, आणि आज जगात सगळ्यात जास्त नक्कल होते ती त्याच गाडीची. शेल्बी रेसिंगच्या आधी टेक्सासमध्ये कोंबड्या पाळायचा, पक्षी रोगानं मेले आणि धंदा बसला. आमच्या विट्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना ही गोष्ट मी आवर्जून सांगतो. पण कोब्रा हजार किलोच्या वरची, टायर पोत्यासारखे रुंद, आणि तरीही ती गाडी कुणाला दया दाखवत नाही असं सगळेच सांगतात.

मला स्वतःला इंग्लंडवाल्यांचा हिशेब पटतो. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमननं १९५७ ला सेव्हन नावाची हलकी गाडी काढली, तेव्हा सुट्या भागांवर परचेस टॅक्स नव्हता म्हणून लोक किट घेऊन घरी जोडायचे (टॅक्स वाचवायला माणूस काय काय करतो, ते आपल्यालाच कळतं असं नाही). पाचशे किलोच्या आसपास वजन आणि सुरुवातीच्या साध्या मॉडेलला फोर्डचं जुनं इंजिन, जेमतेम ४० घोडे. १९७३ ला ती गाडी केटरहॅम कंपनीकडं गेली. त्यांनी ३१० घोड्यांचीही काढली, ती काढोत बापडे, पण त्यांच्याच सगळ्यात छोट्या १७० मॉडेलमध्ये इंजिन कुणाचं आहे, तर सुझुकीचं, ६६० सीसी, तीन सिलेंडर. ८४ घोडे, ४४० किलो, शून्यापासून ताशी ९६ किलोमीटर ६.९ सेकंदात. आपल्या मारुती ८०० पेक्षा छोटं इंजिन हो! हे मी पुतण्याला दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजे आपली एकशे सत्तर किलो जास्त हाय." आता कसं बोललास.

आणि लांब कशाला जायचं, आपल्याच कॉलेजची पोरं स्वतः गाडी बनवून बाजा स्पर्धेला जायची तेव्हा सगळ्या टीमला एकच इंजिन, १० घोड्यांचं. दहा! गाडी हलकी कुणाची आणि सस्पेन्शन कुणाचं टिकतंय यावर सगळा खेळ. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर पळणाऱ्या एलजीबी फॉर्म्युला या शर्यतीच्या गाड्यांतसुद्धा मारुतीचंच १३०० चं इंजिन असतं. ट्रॅकवर, चिकट टायरवर, रुंद चाकावर दीडशे-दोनशे घोड्यांना जागा आहे, तिथं माझं काही म्हणणं नाही. मी बोलतोय ते दूध आणायला जायच्या रस्त्याबद्दल. सहा-सातशे किलोच्या गाडीला तिथं ८० ते १००, बास. साठ असले तरी पोट भरतं.

रस्त्याचा विषय निघालाच आहे तर, घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायला इंग्लंडात एकेका गाडीची तपासणी करून पास करतात. आपल्याकडं गाडीचा नमुना एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेतनं पास करून घ्यायला लागतो, तो खर्च कारखान्याला परवडतो, मला नाही. असलेली गाडी बदलून वापरावी म्हटलं तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं आणि २०१९ पासून प्रत्येक बदलाला पाच हजार दंड नाहीतर कैद, किंवा दोन्ही. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याच्या, म्हणजे यशवंतरावांच्या जन्मगावच्या, एका कारागिरानं भंगारातनं किक मारून चालू होणारी जीप केली होती, साठेक हजारात, २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ सगळीकडं फिरला. आनंद महिंद्रांनी तेव्हाच म्हटलं होतं की ही नियमात बसत नाही, कधीतरी अडवणारच, आणि जीप ठेवून घेऊन बदल्यात बोलेरो दिली. त्या जीपला किती घोडे हे कुणी विचारलं नव्हतं बघा. दोनशेवाल्या पोराला बोलेरो मिळो, पण तोवर त्यानं ती गाडी आवारातच फिरवावी.

तर संपादक साहेब, मागणी एवढीच की पुढच्या वेळी अशी बातमी आली की घोड्यांच्या शेजारी वजन छापा आणि टायरचं माप छापा. आपल्या बातमीदाराला आमच्याकडं पाठवायचं असेल तर जरूर पाठवा, जून लागायच्या आत आला तर बरं, वळीव गाठता येईल, क्रेट मेव्हण्यानं आता लांब हलवलेत. पुतण्यानं टर्बोचा नाद तूर्तास सोडलाय आणि फ्रेममधनं कुठला पाईप काढता येतो ते खडूनं खुणा करत बसलाय, माझी सीटसुद्धा त्याच्या यादीत आहे.

वजनकाट्याच्या पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. छापलीत तर 'माल' च्या रकान्यात 'भंगार' लिहिलंय तेवढं झाकून छापा.

आपला,
एक जुना वाचक,
कुपवाड, जि. सांगली